बंपरचीही बाजू ऐका

लोकशाहीत सगळ्यांचं ऐकून घ्यायचं असतं. कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने मे 2023 मध्ये ते घेतलं. विषय होता क्रोम प्लेटिंगच्या टाक्यांतून हवेत उडणारं हेक्साव्हॅलंट क्रोमियम. बोर्डाच्याच हिशोबाने ते डिझेलच्या धुरापेक्षा 500 पट विषारी आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाला आमंत्रण देणारं. राज्यात असे शंभरावर कारखाने, त्यातले बरेचसे गरिबांच्या वस्त्यांना खेटून. म्हणून हरकती व सूचना मागवल्या. इथवर आपल्या वाचकाला सगळं ओळखीचं वाटेल. पुढचं मात्र अद्भुत आहे: तिथे हरकतींना लेखी उत्तर देणं कायद्याने बंधनकारक असतं.

शेजाऱ्यांचं म्हणणं एवढंच की आम्हाला श्वास घ्यायचाय. मागणी फारच सर्वसाधारण! श्वास काय, कुणीही घेतो. त्यात ना कौशल्य, ना रोजगार. त्यापेक्षा प्लेटिंगवाल्यांची हरकत कशी मुद्देसूद! राज्यातल्या या विषात आमचा वाटा एक टक्क्याहून कमी, आणि आम्हाला बंदी केलीत तर काम नेवाडात नाहीतर मेक्सिकोत जाईल. विष कुठेतरी राहणारच असेल तर निदान त्याची सवय झालेल्या माणसांत राहू द्यावं, हा विचार मला तरी माणुसकीचा वाटतो.

पर्याय नाही असंही नाही. ट्रायव्हॅलंट क्रोमियमने नळ चकाकतात, बंपरही चकाकतो. पण त्याची झाक किंचित वेगळी येते. किंचित म्हणजे थोडी थोडकी झाली का? 1957 च्या शेव्हरोलेच्या मालकाने चारचौघांत तोंड कसं दाखवायचं? शेजाऱ्याच्या फुफ्फुसावरची झाक एक्स-रेशिवाय कुणाला दिसत नाही. बंपर रस्त्यावर मिरवायचा असतो.

धंद्याने काही केलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. टाकीत वीज सोडली की तिचा मोठा हिस्सा क्रोम चढवण्याऐवजी हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो. ते फुटले की क्रोमिक आम्लाचे बारीक तुषार उडतात. ते दाबायला टाकीत एक रसायन घालत, पीएफओएस. तुषार बसले. मग कळलं, की हे रसायन निसर्गात नष्टच होत नाही, आणि सांडपाण्यातून निघालं की मुक्कामालाच येतं. 2015 मध्ये अमेरिकेने त्याला प्लेटिंगच्या टाकीतून हाकललं. आगीतून फुफाट्यात पडण्याची ही पद्धत, म्हटलं तर, शास्त्रशुद्ध होती.

अखेर बोर्डाने सगळ्यांचा मान राखला. हे क्रोमियम वापरणारा नवा कारखाना 2024 पासून नको. शोभेचं प्लेटिंग 2027 पासून बंद. विमानाच्या चाकांच्या दांड्यांवर वगैरे चढवतात त्या टणक क्रोमला मुदत 2039 पर्यंत. मध्ये 2032 आणि 2036 मध्ये आढावा, कारण घाई बरी नव्हे.

अशा कारखान्याशेजारी 2023 मध्ये जन्मलेलं बाळ 2039 मध्ये सोळा वर्षांचं होईल. कॅलिफोर्नियात त्या वयात गाडीचा परवाना मिळतो. त्याने जुनी शेव्हरोलेच घ्यावी. फक्त बंपरला क्रोम 2027 च्या आधी मारलेलं असल्याची पावती मागून घ्यावी. हल्ली झाकेत फसवतात.