आधी जातं ऐकू द्या

साईबाबांवरचा सिनेमा किंवा मालिका सुरू झाली की पहिल्या अर्ध्या मिनिटात काय दिसणार, हे शिर्डीतलं शाळकरी पोरही सांगेल. ढग बाजूला होतात, सोनेरी किरण उतरतात, शंख वाजतो, समूहस्वर उठतो आणि कॅमेरा पायांपासून वर सरकत चेहऱ्यापाशी येऊन थांबतो. डोळ्यांवर वेगळा उजेड. मग पडद्यावर नाव. तोवर प्रेक्षकाचे हात जोडलेले असतात, कारण संगीताने त्याला तसा हुकूमच दिलेला असतो.

ही सुरुवात मला मान्य नाही. ती भाविक आहे म्हणून नव्हे, ती आळशी आहे म्हणून. अजून काही घडलेलंच नाही आणि आश्चर्य मात्र मागून घेतलं जातं. बाबांनी काय केलं, कोणाशी बोलले, कोणावर रागावले, यातलं काहीही समोर यायच्या आत निकाल लागलेला असतो. अशा सिनेमात पुढे दिवे पाण्यावर पेटले तरी अंगावर काटा येत नाही. येईल कसा? तो पहिल्याच मिनिटात खर्च झाला.

सुरुवातीच्या पाच-सात मिनिटांत दिग्दर्शक प्रेक्षकाशी एक करार करतो. गोष्ट कुठल्या जातीची आहे, यात काय खरं मानायचं, कोणाकडे बघायचं, हसायचं की धास्तावायचं, हे सगळं तेव्हाच ठरतं. आणि ते संवादांतून फारसं ठरत नाही. कॅमेरा किती जवळ आहे, दृश्य किती वेळ टिकतं, आवाज चित्राच्या आधी येतो की मागून, सिनेमाचं नाव कधी झळकतं, यावर ठरतं.

1977 साल घ्या. त्या वर्षी शिर्डी दोन हिंदी सिनेमांतून देशभर पोचली. एक ‘शिर्डी के साईबाबा’, ज्यात आपल्या सुधीर दळवींनी बाबा उभे केले. आजही कित्येकांच्या मनात साईबाबा म्हटलं की दळवींचाच चेहरा येतो. दुसरा सिनेमा साईबाबांवर नव्हताच. तो होता मनमोहन देसाईंचा ‘अमर अकबर अँथनी’. आणि सुरुवात कशी करावी हे शिकायचं असेल तर मी भाविक मंडळींना आधी हा दुसरा बघायला सांगेन.

त्यात सिनेमाचं नाव यायला वीस मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तोवर बाप तुरुंगातून सुटतो, आई क्षयाने खंगलेली असते, स्वातंत्र्यदिनी तीन पोरं गांधीजींच्या पुतळ्यापाशी सुटतात आणि तीन धर्मांच्या तीन घरांत जातात, आईची दृष्टी जाते. एवढा ऐवज दुसऱ्या कोणी पूर्ण सिनेमाभर पुरवला असता. देसाई तो नावाच्या आधी संपवतात. मग बावीस वर्षांची उडी. आईला अपघात होतो, रक्त हवं असतं, आणि तिघे तरुण शेजारशेजारच्या खाटांवर आडवे होतात. तिघांच्या दंडातून निघालेल्या नळ्या वर जातात, एकत्र होतात आणि तेच रक्त थेट आईच्या अंगात उतरतं. तिचं नाव भारती. ती आपली आई आहे हे त्या तिघांना ठाऊक नाही, आपल्याला आहे. आणि इथे, या चित्रावर, श्रेयनामावली सुरू होते.

कुठलाही डॉक्टर सांगेल की रक्त असं देत नाहीत. रक्त वर चढत नाही, तीन माणसांचं एका बाटलीत थेट मिसळत नाहीत. पण देसाईंनी ही चूक नजरचुकीने केलेली नाही. छायाचित्रकार पीटर परेरा यांनी चारही देह एका चौकटीत धरले आहेत, संकलक कमलाकर कारखानीस यांनी ते चित्र पुरेसा वेळ टिकू दिलं आहे, आणि पार्श्वभूमीला मोहम्मद रफींचा आवाज आहे. सिनेमा उघडपणे म्हणतो: इथे योगायोग हाच कायदा आहे, पटत असेल तर बसा. थिएटरमधला माणूस बसतो. आनंदाने बसतो.

या कराराचं फळ बऱ्याच उशिरा मिळतं. अकबर साईंच्या मंदिरात कव्वाली गात असतो, आंधळी भारती तिथे धडपडत येते, मूर्तीच्या डोळ्यांतून दोन ज्योती निघतात आणि तिच्या डोळ्यांत शिरतात. तिला दिसू लागतं. ती पहिल्यांदा बघते ते बाबांना. इतकी उघडीवाघडी करामत दुसऱ्या कुठल्याही सिनेमात हास्यास्पद झाली असती. इथे ती लागते, कारण रक्त वर चढताना आपण हरकत घेतली नव्हती. साईबाबांच्या चमत्काराची जमीन देसाईंनी इस्पितळाच्या खाटेवर तयार करून ठेवली होती. ढग, किरण, शंख यांपैकी काहीही न वापरता.

कोणी म्हणेल, तो मसालापट, संतपटाचं वेगळं असतं. मग संतपटच घेऊ. 1936 चा प्रभातचा ‘संत तुकाराम’, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. आधी प्रभातच्या बोधचिन्हातली ती तुतारी फुंकणारी स्त्री, आणि मग विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा. बसलेत, गाताहेत, डोळे विठ्ठलात. कॅमेरा समोर आहे आणि कसलीही गडबड करत नाही. इथवर कोणीही केलं असतं. पण लगेच पुढे तेच पद तुकोबांवर जळणारा सालोमालो गातो. देवळात, लोकांसमोर, मुरक्या घेत, आणि ते स्वतःच्या नावावर खपवत. शब्द तेच, माणूस वेगळा.

बस्स, झालं की! एकाही पात्राने ‘तुकाराम थोर आणि सालोमालो ढोंगी’ असं सांगितलं नाही. दोन आवाज शेजारी ठेवले आणि पारख आपल्या कानावर सोपवली. त्या दोन गाण्यांच्या सांध्यात अख्ख्या सिनेमाची बीजं आहेत: चोरी, मत्सर, भक्तीचा धंदा आणि भक्ती. पुढे सदेह वैकुंठगमनापर्यंत चमत्कार येतात, पण ज्याने आरंभी स्वतःच्या कानाने पारख केली तो प्रेक्षक ते चमत्कार भीक म्हणून घेत नाही. हा सिनेमा मुंबईत वर्षभर चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसला नावाजला गेला. दामले-फत्तेलालांकडे ना ड्रोन होता ना संगणक. त्यांचा प्रेक्षकावर विश्वास होता. आजच्या भक्तिपटवाल्यांचा नेमका तिथे दुष्काळ आहे.

आता आपल्याच जिल्ह्यात या. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’चं गाव अकोळनेर, अहिल्यानगरजवळचं. शिर्डीपासून फार तर दोन-अडीच तासांवर. तिथे सुरुवातीला जब्या हा पोरगा गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे फिरतो आहे. बाभळी, काटे, ऊन, पोराची रोखलेली नजर. संवाद जवळजवळ नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, खेड्यातल्या पोराची खोडकर गोष्ट दिसते. ती चिमणी जाळून तिची राख टाकली की आवडती मुलगी वश होते, अशी त्याची समजूत आहे, हे मागाहून कळतं. त्याची जात गावाने त्याच्या अंगावर कशी चिकटवून ठेवली आहे, हे त्याच्याही नंतर. आणि शेवटी त्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो. गलोलीतून पाखरावर नेम धरणारा हात पहिल्याच दृश्यात दाखवला होता. आपण त्याला खेळ समजून सोडून दिलं होतं. मंजुळेंनी गोष्टीची जात लपवली आणि त्या लपवण्यामुळेच शेवटचा दगड बसतो. याच माणसाने ‘सैराट’ क्रिकेटच्या सामन्याने आणि माइकवरच्या धमाल समालोचनाने सुरू केला, आणि शेवटाला सगळा आवाज काढून घेतला. पहिल्या गोंगाटाशिवाय ती शांतता इतकी असह्य झाली नसती.

आणि बाकीचे काय करतात? सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि तंबाखूचा इशारा ही कायद्याची गोष्ट आहे, त्याला इलाज नाही. पण त्यानंतर आभाराच्या पाट्या. मंत्री, आमदार, नगरसेवक, उद्योजक, ‘विशेष सहकार्य’, ‘विशेष आभार’, ‘ज्यांच्याविना हे शक्य नव्हते’. मग ड्रोन. गावावरून ड्रोन, नदीवरून ड्रोन, उसावरून ड्रोन. गाव इतक्या उंचीवरून दाखवायचं की त्यात माणूस दिसूच नये, आणि वर निवेदकाचा जड आवाज, की हे गाव आहे. दिसतंय की! तमाशाचा फड बघा. ढोलकी, हलगी, तुणतुणं सुरू झालं की मैलावरून कळतं आज काय आहे. गण झाला, गवळण झाली, मावशी आली की प्रेक्षक तयार, मग वग. प्रत्येक टप्पा माणसाला पुढच्यासाठी घडवतो. संगमनेर-नारायणगावच्या फडांना जे पिढ्यानपिढ्या कळतंय, ते ड्रोन उडवणाऱ्यांना कळू नये?

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो. साईबाबांच्या कथेची उत्तम सुरुवात आधीच लिहून ठेवलेली आहे. ती श्रीसाईसच्चरिताच्या पहिल्या अध्यायात आहे. वांद्र्याचे गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांचा हा ओवीबद्ध ग्रंथ. आरंभी रीतीप्रमाणे मंगलाचरण आहे, देवांना, गुरूंना, वडीलधाऱ्यांना नमन आहे. ते झालं की लगेच दृश्य. एका सकाळी हेमाडपंत मशिदीत जातात तर बाबा दळायच्या तयारीत. जमिनीवर तरट अंथरलेलं, त्यावर जातं. कफनीच्या बाह्या वर सारलेल्या. सुपात गहू. मूठ मूठ घालताहेत, खुंटा धरून दळताहेत.

कोणालाच कळत नाही. ज्याला घर नाही, पोरबाळ नाही, जो भिक्षेवर राहतो, त्याला पीठ कशाला? विचारायची छाती नाही. बातमी गावात पसरते, माणसं जमतात. चार बायका गर्दीतून पुढे घुसतात, खुंटा हिसकावून घेतात आणि बाबांच्या लीलांच्या ओव्या म्हणत दळू लागतात. बाबा आधी चिडतात, मग हसतात. दळण संपतं. बायका हिशेब करतात: यांना पीठ नको, आपल्यालाच देतील. चार वाटे पाडून उचलणार, तोच बाबा कडाडतात. कोणाच्या बापाचा माल म्हणून लुटताय? न्या ते पीठ आणि गावाच्या शिवेवर टाका. बायका ओशाळतात, निमूट जातात, ओढ्याकाठी पीठ टाकून येतात. हेमाडपंत अजून गोंधळलेलेच. ते गावकऱ्यांना विचारतात, तेव्हा उलगडा होतो. गावात महामारी आहे, पटकी. बाबांनी गहू दळले नाहीत, ती साथ दळून गावाबाहेर काढली. हेमाडपंत इतके हलले की तिथूनच त्यांच्या मनात हे चरित्र लिहायचं आलं.

विज्ञानाच्या कसोटीवर या प्रसंगाचं काय ठरतं, तो वाद वेगळा. मी रचनेबद्दल बोलतोय. आधी कृती, मग गर्दीचं कुतूहल, मग बायकांची हाव आणि तिच्यातलं हसू, मग राग, आणि कारण सगळ्यात शेवटी. घरगुती गोष्ट म्हणून सुरू होते, प्रहसनाकडे झुकते आणि मृत्यूच्या भीतीपाशी येऊन थांबते. आणि नायकाच्या चेहऱ्यावर एकदाही किरण पडत नाही. हेमाडपंत वाचकाला स्वतःच्या शेजारी उभं करतात: मला कळलं नाही, तुम्हालाही आत्ता कळायचं नाही, थांबा.

म्हणून माझी पुढच्या साईपटवाल्याला अगदी सरळ मागणी आहे. पडदा काळा ठेवा आणि आधी जातं ऐकू द्या. दगडावर दगडाची घरघर, बराच वेळ. मग हात, बाही, सूप. चेहरा नको. गर्दीच्या पायांमधून बघा, हेमाडपंतांच्या उंचीवरून बघा, बायका घुसतात तेव्हा त्यांच्याबरोबर धक्का खा. पार्श्वसंगीत नको, चार गळ्यांच्या ओव्या पुरेत, त्याही शिकवलेल्या गायिकांच्या नकोत. बाबांचा आवाज पहिल्यांदा येऊ द्या तो रागाचा. सिनेमाचं नाव पीठ शिवेवर पडल्यावर. आणि उलगडा? तो माझ्या मते त्याच्याही पुढे ढकला, एखाद्या घरात आजारी माणूस उठून बसेपर्यंत.

निर्माता म्हणेल, लोक दर्शनाला येतात, त्यांना चेहरा हवा. त्याने एकदा समाधी मंदिराच्या रांगेत उभं राहून बघावं. 1954 मध्ये बसवलेली शिल्पकार तालीमांची ती संगमरवरी मूर्ती बाबांना ओळखणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे, घराघरात तिचा फोटो आहे, रांगेत पडद्यावरही ती दिसत राहते. तरी माणसं तासन्‌तास सरकत राहतात आणि समोर आल्यावर रडतात. ज्यांना वाट बघता येते त्यांना सिनेमात पाच मिनिटं चेहरा नाही दिसला म्हणून त्यांच्यातलं कोणी उठून जाणार नाही.

ते जातं आजही द्वारकामाईत, म्हणजे बाबांच्या त्याच मशिदीत आहे, शेजारी गव्हाचं पोतंही असतं. सच्चरिताला लवकरच शंभर वर्षं होतील. त्या निमित्ताने सिनेमे येणार, मालिका येणार, हे नक्की. त्यातल्या एकाने तरी पहिलं पान उघडून वाचावं आणि आभाराच्या पाट्या शेवटी टाकाव्यात.