द्या हिकडं

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की काटेवाडी येते. बाहेरच्या माणसाला हे शरद पवारांचं गाव म्हणून ठाऊक असतं. माझ्या लेखी ते अप्पांचं गाव आहे. (साहेबांनी राग मानू नये. त्यांच्या हातात माझी किल्ली कधी गेली नाही, अप्पांच्या हातात रोज जाते.)

अप्पांचं गॅरेज नाही, दुकान नाही. त्यांची बैठक फाट्यावरच्या चहाच्या टपरीत असते. तोंड रस्त्याकडे नसतं, ओळीनं लावलेल्या मोटरसायकलींकडे असतं. कुणी गाडीवर बसला आणि किल्ली पहिल्या झटक्यात फिरली नाही, की अप्पांचा कप बशीत टेकल्याचा आवाज येतो. दुसऱ्या झटक्याला ते उठलेले असतात. तिसरा झटका गाडीवाल्याच्या वाट्याला येत नाही.

"द्या हिकडं."

दुसऱ्याच्या हातात अडलेली वस्तू बघणं काही माणसांना सोसत नाही. बरणीचं झाकण असो, सुईतला दोरा असो. अप्पांच्या नशिबी किल्ली आली. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या हातात ती फिरते. हाच खरा त्रास आहे.

"जोर करायचा नसतो, मास्तर. तिला समजवायची असती."

समजवायची म्हणजे काय करायचं? किल्ली पुरती आत घालायची, केसभर मागं घ्यायची, हँडल थोडं हलवायचं आणि गाडीच्या कंपनीला उद्देशून एक शब्द काढायचा. यात जादू काही नाही. लॉकच्या पोटात बारीक पितळी पत्र्या असतात, प्रत्येकीच्या मागे इवलीशी स्प्रिंग. किल्लीच्या खाचांवर त्या सगळ्या एका पातळीत आल्या तरच लॉक फिरतं. किल्ली झिजली की एखादी पत्री रुसून बसते. किल्ली केसभर मागं घेतली की कधीकधी तिची समजूत पटते. हे मी अप्पांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "पत्री का काय ते तुमचं तुम्ही बघा. गाडी चालू झाली का न्हाय?"

अप्पांची कीर्ती पसरली ती आषाढात. बारामतीचा मुक्काम हलवून तुकोबांची पालखी सणसरच्या वाटेला लागली की मध्ये काटेवाडी. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मग पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. ते बघायला मी लवकर आलो, गाडी कडेला लावली, शहाणपणानं हँडल लॉकही केलं. थोड्या वेळानं कळलं, मेंढ्या तिथूनच येणार. किल्ली घातली तर ती ढिम्म. पाच स्वयंसेवक गाडी उचलायला सरसावले. मागून मेंढ्यांची बें बें, पुढून टाळ-मृदंग, मध्ये मी.

"द्या हिकडं."

अप्पांनी किल्लीकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचं चाक एका दगडाला भिडून तिरकं दाबलं गेलं होतं. सगळा दाब लॉकमधून बाहेर येऊन सांगाड्याच्या खाचेत बसलेल्या खिट्टीवर. त्यांनी गाडी वीतभर मागे ओढली, हँडल जरा सैल सोडलं आणि दोन बोटांनी किल्ली फिरवली. मेंढ्या गेल्या. मेंढपाळानं जाता जाता अप्पांना नमस्कार केला, मला नाही.

मग अप्पांनी बंडीतून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि किल्लीच्या भोकात अशी धार सोडली, की देवापुढच्या समईनं लाजावं. "पोरीच्या वेणीला चालतंय, लोखंडाला का न्हाय चालणार?" आठवडाभरात फाट्यावरच्या सगळ्या गाड्यांना खोबऱ्याचा वास येऊ लागला. श्रावण-भाद्रपद किल्ल्या नुसत्या तरंगत होत्या.

मग उसाचा हंगाम सुरू झाला. भवानीनगरच्या कारखान्याकडे ट्रॉल्या धावू लागल्या, त्यांची धूळ तेलावर बसली आणि लॉकच्या पोटात चिखल झाला. त्यावर आला मार्गशीर्ष. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, हे घराघरातल्या आयांना न्हाणीच्या दिवशी ठाऊक असतं. अप्पांना ठाऊक नव्हतं. शनिवारची सकाळची शाळा, मी गाडीवर, किल्ली अर्धी आत आणि तिथंच तिची समाधी.

अप्पांनी समजावलं, शब्द काढला, दोन शब्द काढले. शेवटी उकळत्या चहाचा ग्लास मागवून तो लॉकला टेकवून धरला. तिसऱ्या ग्लासाला किल्ली फिरली. चहाचे पैसे मी दिले. पुढे महिनाभर फाट्यावर हेच दृश्य: सकाळी आठपर्यंत गाड्यांना चहा पाजायचा, बारानंतर त्या आपोआप शहाण्यासारख्या वागायच्या. टपरीवाला तेवढा खुशीत होता. चोरीची भीती मात्र कुणाला उरली नव्हती. चोराला आधी अप्पांना उचलून न्यावं लागलं असतं.

शेवटी मी बारामतीला एका मिस्त्रीकडे गेलो. लॉकसेटच बदलावा लागेल, टाकीच्या झाकणासकट, अशी तयारी ठेवली होती. माझ्या विद्यार्थ्यापेक्षाही लहान वाटणाऱ्या त्या पोरानं लॉकचा वास घेतला आणि दातांच्या डॉक्टरच्या सुरात विचारलं, "तेल कुणी घातलं?" मी अप्पांचं नाव सांगितलं नाही. गावाची अब्रू असते. त्यानं फवारा मारून आतलं सगळं धुतलं, हवा मारली, किल्ली बघून हसला. ती नकलेची नक्कल होती. खरी दुसरी किल्ली गाडीच्या कागदांबरोबर कपाटात कोरीच्या कोरी पडलेली. "ती वापरा. आणि तेल नको, पेन्सिलीचं शिसं घासा. कोरडं राहतंय, धूळ धरत न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर मुद्दाम गाडी लावली, बसलो आणि अप्पांकडे बघत किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात. कप बशीत टेकलाच नाही. ते नुसते बघत राहिले. त्यांचा चेहरा बघून मला पालखीचा दिवस आठवला आणि मी खाली उतरून पेन्सिलीची सगळी हकीकत सांगून टाकली.

"मी कवापास्नं म्हणतोय ह्ये," अप्पा म्हणाले. "पण खेड्यात पेन्सिल कोण देतंय?"

आता त्यांच्या बंडीत तेलाच्या बाटलीच्या जागी दाढीचं ब्लेड असतं. काल शाळा सुटल्यावर त्यांनी मला रस्त्यातच थांबवलं, मी दिलेली पेन्सिल माझ्यापुढे धरली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, ही एचबी आणत जाऊ नका. ही कडक पडती. टू-बी आणा, तिच्यात माल जास्त असतोय."

आणि माझ्या हातातली किल्ली बघून, "द्या हिकडं."