मानवी हक्क, एक्स्पोर्ट क्वालिटी

डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्याच्या आसपासचा कुठलाही छोटा रसायन कारखानदार घ्या. पंचवीस-तीस माणसं, दोन रिअ‍ॅक्टर आणि युरोपातली एक ऑर्डर. ऑर्डरीच्या मागोमाग हल्ली प्रश्नावली येते : आपण मानवी हक्कांचा आदर करता का? शेठ दचकतात. आजवर त्यांना जीएसटी आणि प्रदूषण मंडळ एवढ्यांचाच आदर करावा लागला होता. मग कन्सल्टंट येतो, सगळीकडे 'होय'वर खूण करतो आणि नोटीस बोर्डावर इंग्रजीतलं धोरण झळकतं. ठेकेदाराच्या हेल्परला ते वाचता येतं का, हे प्रश्नावलीने विचारलेलं नसतं.

ही प्रश्नावली काही आभाळातून पडलेली नाही. डोंबिवलीत आभाळातून जानेवारी २०१४ मध्ये पडला तो हिरवा पाऊस. २०२० मध्ये तिथलाच रस्ता गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः बघायला आले होते.

प्रश्नावलीचं माहेर जर्मनी. तिथला पुरवठा साखळी कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला; आधी किमान तीन हजार आणि पुढच्या वर्षापासून किमान एक हजार कामगारांच्या कंपन्यांना. मोठ्यांनी जबाबदारी पुरवठादाराकडे सरकवली, पुरवठादाराने शेठकडे. आपल्याकडे सेबीचा जबाबदारीचा अहवाल शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांनी भरायचा, म्हणून शेठ निर्धास्त होते. पण संयुक्त राष्ट्रांनी जून २०११ मध्येच लिहून ठेवलंय की ही जबाबदारी लहान-मोठ्या सगळ्याच उद्योगांची. लहानाने आपल्या ऐपतीच्या साधनांनी ती पार पाडावी. शेठनी यातला 'ऐपत' हा शब्द तेवढा लक्षात ठेवला.

शेठची बाजूही ऐकायला हवी. हक्कांची चौकशी करणारा साहेब त्याच मेलमध्ये किलोमागे दर उतरवायलाही सांगतो. सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रशिक्षण, पक्की नोकरी यांचे पैसे कोण देणार, यासाठी प्रश्नावलीत रकाना नाही.

आणि कागद पूर्ण भरला तरी काय होतं, ते कराचीत दिसलं. तिथली अली एंटरप्रायझेस जर्मनीच्या 'किक' कंपनीसाठी कपडे शिवायची. ऑगस्ट २०१२ मध्ये तिला एसए ८००० हे सामाजिक जबाबदारीचं प्रमाणपत्र मिळालं आणि ११ सप्टेंबरला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार गेले. खिडक्यांना गज होते. प्रमाणपत्र देणारी संस्था इटलीची, म्हणजे तीही एक्स्पोर्ट क्वालिटीच.

डोंबिवलीला कराचीपर्यंत जायची गरज नाही. २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीतल्या स्फोटात बारा जण गेले. चौकशी अहवाल लोकांना माहितीच्या अधिकारात मिळवावा लागला. २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. मानपाडा पोलीस ठाण्यात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला आणि काही मृतांची ओळख डीएनए चाचणीने पटवावी लागली. आजूबाजूच्या इमारतींच्या काचा दोन्ही वेळा फुटल्या. त्या घरांतली माणसं शेठची कामगार नाहीत, गिऱ्हाईक नाहीत, पुरवठादारही नाहीत. साखळीत नसल्यामुळे त्यांना प्रश्नावली येत नाही.

सरकारने मात्र तोडगा काढला होता. २०२२ मध्ये डोंबिवलीतले १५६ धोकादायक रासायनिक कारखाने पाताळगंगेला हलवायचं ठरलं. दोन वर्षांनी अमुदानचा स्फोट झाला तो डोंबिवलीतच, आणि स्थलांतराची घोषणा पुन्हा झाली. पाताळगंगेच्या बाजूला राहणाऱ्यांचं यावर काय म्हणणं आहे, ते दोन्ही घोषणांमध्ये नव्हतं.