जळक्या शिखरावरचा डबा

२००० च्या मे महिन्यात अमेरिकेने जागा दाखवणाऱ्या उपग्रहांच्या संकेतांतली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि त्याच आठवड्यात ओरेगनमध्ये जिओकॅशिंगचा, म्हणजे त्या संकेतांवरून लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाचा, पहिला डबा लपवला गेला. तेव्हापासून डोंगर चढायला डोंगर पुरेनासा झाला. २००९ च्या ‘स्टेशन’ वणव्यात लॉस एंजेलिसजवळच्या सॅन गॅब्रिएल रांगेत दीड लाखाहून अधिक एकर रान जळालं. तिथल्या काळ्या खुंटांतून शिखर गाठणारा डब्यातल्या वहीत लिहितो, ‘सापडला!’ रान हरवल्याची नोंद करायला वहीत रकाना नाही. कुणी म्हणेल, डबे शोधणारी ही मंडळी वाटेतला कचराही वेचतात. वेचतात, खरंच. पण डबा सहसा पायवाटेवर नसतो, आणि झुडपं जळालेल्या उतारावर वाट सोडली की सुटी माती घसरते. म्हणून वनखातं डोंगर बंद ठेवतं. तेव्हा हळहळ मात्र डब्यासाठी: बिचारा प्लॅस्टिकचा, वितळला असेल!