नजर ठेवा, बघू नका

साइट हळू चालते अशी ओरड सुरू झाली की दोन मार्ग असतात. ती का हळू चालते ते शोधायचं, हा पहिला. त्यात आपलाच कोड वाचावा लागतो, म्हणून तो सोडून देऊ. दुसरा मार्ग म्हणजे ‘एपीएम’ बसवणं: ॲप्लिकेशनच्या कामगिरीवर चोवीस तास देखरेख. तुम्ही नवशिके आहात, घाबरू नका. वर्षानुवर्षं आलेख रंगवणारी मंडळीही इथूनच सुरुवात करून इथेच थांबलेली आहेत.

उदाहरणाला जँगो घेऊ. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत हे फ्रेमवर्क जन्मलं आणि २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं. बातमीच्या घाईत वाढलेलं असल्यामुळे घाईघाईत काहीही चिकटवलं तरी ते तक्रार करत नाही.

१. साधन निवडा. निकष एकच: डेमोमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या रेघा शोभतात का? न्यू रेलिक बघा. ही कंपनी २००८ साली ‘रूबी ऑन रेल्स’वाल्यांसाठी सुरू झाली आणि तिचं नाव संस्थापक ल्यू सर्न यांच्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून बनलंय. एवढी माहिती मीटिंगमध्ये टाकली की पुढचे प्रश्न येत नाहीत. ओपनटेलिमेट्रीही घ्या, ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस या दोन प्रकल्पांची २०१९ मध्ये दिलजमाई होऊन ती आली. शक्यतो दोन्ही बसवा. प्रत्येकाचा एजंट, म्हणजे ॲपमध्ये बसून मोजमाप करणारा तुकडा, प्रत्येक रिक्वेस्टभोवती आपलं वेष्टन घालेल आणि साइट आणखी मंदावेल. आलेखात ते दिसेलच, म्हणजे देखरेख चालू असल्याची खात्री पटेल.

२. बसवा. लॅपटॉपवर चाललं की झालं. सर्व्हरवर ॲप चालवायला गनिकॉर्न असेल आणि तो एकातून अनेक वर्कर फोर्क करत असेल, तर मूळ प्रोसेसमधला माहिती पाठवणारा थ्रेड त्या पोरांपर्यंत पोचत नाही. एजंटाने किंवा तुम्ही ती काळजी घेतली नसेल, तर आलेख सपाट राहील. हात लावू नका. ‘शून्य एरर’ असा स्क्रीनशॉट काढून मॅनेजरला पाठवा.

३. सरासरी लावा. या पायरीवर जीव ओता. १०० ग्राहक आले. ९९ जणांना १०० मिलिसेकंदांत पान मिळालं आणि शंभरावा १० सेकंद गोल फिरणारं चक्र बघत बसला. सरासरी किती? १९९ मिलिसेकंद. पाव सेकंदसुद्धा नाही! शंभराव्याबद्दल वाईट वाटणं स्वाभाविक आहे, पण भावनेच्या भरात, देव न करो, ‘कमाल’ अशी रेघ आलेखात आणू नका. उलट लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी ‘जिवंत आहेस का?’ म्हणून जे पान ठोठावतो, तेही सरासरीत धरा. त्या पानाला डेटाबेसपर्यंत जावंच लागत नाही, त्यामुळे उत्तर चुटकीसरशी येतं. रात्री ग्राहक झोपले की तुमची साइट विजेसारखी पळताना दिसेल.

४. ॲपडेक्स सुधारा. ग्राहक किती समाधानी, हे ० ते १ मध्ये सांगणारा हा आकडा. एक मर्यादा ठरवायची. तिच्या आत उत्तर मिळालं तर ग्राहक समाधानी, चौपटीपर्यंत लागलं तर सोशिक आणि त्यापुढे वैतागलेला. सोशिक माणूस अर्धा मोजतात. (सोशिकांना अर्धंच मोजण्याची पद्धत संगणकाने शोधलेली नाही.) समजा मर्यादा अर्धा सेकंद आहे, शंभरातले ६० समाधानी, ३० सोशिक, १० वैतागलेले. गुण ०.७५, म्हणजे नाचक्की. आता सेटिंगमध्ये मर्यादा २ सेकंद करा. आधीचे सोशिक एका रात्रीत समाधानी झाले, आणि वैतागलेले १० जण ८ सेकंदांच्या आत असतील तर सोशिक झाले. गुण ०.९५. कोडची एक ओळही न बदलता. अप्रेझलमध्ये हे ‘परफॉर्मन्स ऑप्टिमायझेशन’ म्हणून लिहा.

५. ट्रेस, म्हणजे एकेका रिक्वेस्टचा वेळ कुठे गेला त्याची नोंद, उघडू नका. चुकून उघडलाच, तर एकसारख्या पट्ट्यांची लांबलचक शिडी दिसेल: ५० ऑर्डरींची यादी काढायला एक क्वेरी आणि प्रत्येक ऑर्डरीच्या ग्राहकाचं नाव आणायला एकेक, अशा एकूण ५१. जँगोत ‘सिलेक्ट रिलेटेड’ एवढं जोडलं की त्या सगळ्याची एक क्वेरी होते. पण मग उरलेला स्प्रिंट काय करणार? मोठा डेटाबेस सर्व्हर मागा. तो मंजूर झाला की रेडिस मागा.

६. लेबलं सढळ हाताने लावा. मोजलेले आकडे साठवणाऱ्या प्रोमिथियसमध्ये लेबलांच्या प्रत्येक नव्या जोडणीची स्वतंत्र मालिका तयार होते. म्हणून ग्राहकाचा आयडी आणि ऑर्डर नंबर लेबलात घाला. मेमरी भरून देखरेखच कोसळली की देखरेखीवर देखरेख ठेवणारं दुसरं यंत्र मागता येतं. एजंटाने टिपलेल्या यूआरएलमधून आणि क्वेरीतून ग्राहकांचे मोबाइल नंबर साधनवाल्या कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरवर जाऊ लागले तर? वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे खरा, पण तो लीगलवाल्यांचा विषय. त्यांच्याकडे डॅशबोर्डचा लॉगिन नाही, आणि तो देऊही नका.

७. अलर्ट. सगळ्यांना, सगळ्याचे. सीपीयू ६० टक्क्यांवर गेला, पाठवा. खाली आला, तेही पाठवा. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्यासारखी त्याची सवय होते आणि आठवडाभरात अख्खी टीम चॅनेल म्यूट करते. क्लायंट अमेरिकेत असेल तर त्यांची ऐन दुपार म्हणजे पुण्यातली मध्यरात्र. ऑन-कॉलची पाळी नव्याने रुजू झालेल्या मुलाला द्या. त्याला प्रॉडक्शनचा ॲक्सेस अजून मिळालेला नसतो, त्यामुळे घाबरून काही बिघडवण्याचा धोका नाही.

८. बिल आल्यावर सॅम्पलिंग करा. बिल येतंच, आणि ज्या सर्व्हरवर देखरेख ठेवायची त्याच्या भाड्याशी स्पर्धा करतं. रेट १ वरून ०.०१ वर आणा. कुठला ट्रेस ठेवायचा हे रिक्वेस्ट सुरू होतानाच, म्हणजे ती रखडणार की नाही हे कळायच्या आत, नाणं उडवून ठरतं. शंभराव्या ग्राहकाचे १० सेकंद सापडण्याची शक्यता आता १ टक्का. संपलेला ट्रेस बघून, रखडलेले तेवढे निवडून ठेवणारी पद्धतही आहे. ती ज्यांना खरंच कारण हवंय त्यांच्यासाठी.

९. भिंतीवर मोठा टीव्ही लावा, रिसेप्शनसमोर. पाहुणे येणार असतील त्या दिवशी आलेखाचा कालावधी रविवार पहाटेचा ठेवा.

१०. शंभरावा ग्राहक कधीतरी फोन करेलच. आवाज मऊ ठेवा. आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय, असं सांगा; ते खोटंही नाही. मग त्याला ब्राउझरची कॅश साफ करायला लावा, आणि तो ‘अजून फिरतंयच’ म्हणायच्या आत तिकीट बंद करा.