गोष्ट मधेच तुटली पाहिजे

भोकरदन तालुक्यातल्या राजूरला गोष्ट ऐकण्याची परंपरा फार जुनी. वरेण्य राजाला गणपतीने गणेशगीता सांगितली ती इथेच, अशी श्रद्धा आहे. अकराच्या अकरा अध्याय राजाने ऐकले. मधेच ‘देवा, आवाज येत नाही’ असं तो म्हणाल्याची नोंद गणेशपुराणात नाही.

हल्लीच्या गुरुजींचं नशीब एवढं थोर नाही. 2020 साली करोनामुळे शाळांना कुलपं लागली आणि राज्याच्या शिक्षण विभागाने युनिसेफ व प्रथम बुक्सच्या साथीने ‘गोष्टींचा शनिवार’ सुरू केला. गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर यायची, म्हणजे पालकांच्या फोनवर. फोन बापाच्या खिशात, बाप शेतात किंवा बाजारात. तो दिवेलागणीला घरी यायचा तेव्हा बॅटरीत चार टक्के जीव उरलेला आणि गोष्टीवर शुभ सकाळच्या फुलांचा ढीग पडलेला.

काही उत्साही गुरुजींनी मग थेट ऑनलाइन पुस्तकगप्पा मांडल्या. पुस्तक कॅमेऱ्याला इतकं चिकटवायचं की मुलांना फक्त गुरुजींचा अंगठा दिसावा, इथून सुरुवात.

पुस्तकगप्पांचं मर्म एकच: पुस्तकाची चव द्यायची, ताट रिकामं करायचं नाही. नेमकं हेच गुरुजी मंडळींना जमत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, अंगाने काडीपैलवान, पण सायकलवर बसला की वारा. इतकं सांगून थांबावं ना? छे! गुरुजी चोर पकडून देतात, बक्षीस वाटतात आणि वर विचारतात, “तर मुलांनो, यातून काय बोध घ्याल?” बोध एवढाच, की आता पुस्तक वाचायची गरज उरली नाही.

अशा वेळी रेंज धावून येते. सायकल उतारावर सुटलेली, चोर मागे, आणि गुरुजी पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठतात. “सर, आवाज तुटायलाय!” “सर, पुढं काय झालं?” उत्तर नाही. पोरं घायकुतीला येतात आणि मग पुस्तक कुणाकडे आहे याची चौकशी सुरू होते. जे काम बोधाने होत नाही, ते नेटवर्क फुकटात करून जातं.

चित्रांच्या पुस्तकांची तऱ्हा और. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत शब्दही त्यांचे आणि चित्रंही त्यांचीच. गुरुजी मजकूर वाचत असतात आणि पोरं दोन बोटांनी चित्र ताणून कोपऱ्यातलं मांजर शोधत असतात. “लक्ष कुठंय?” असं ओरडू नये. लक्ष पुस्तकातच आहे.

माल कमी नाही. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून मराठी गोष्टी मोफत देतंय. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 साली निघालं. त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तेव्हा आईबाबांनो, एक गोष्ट निवडा, निम्मी सांगा आणि पोरांनी कितीही गळ घातली तरी शेवट सांगू नका. फोन मात्र त्यांच्या हातात द्या, चार्ज करून.