निबंधवाङ्मयास सुगीचे दिवस

शाळामास्तरांखेरीज निबंधाचा आग्रह कोणी धरीत नाही आणि एखादा भिडस्त संपादक वगळल्यास त्याचा मोबदलाही कोणी देत नाही, ही जी खंत आम्हां निबंधलेखकांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून होती, ती पुण्याच्या बाल न्याय मंडळाने 19 मे 2024 रोजी, तीही ऐन रविवारी, एका हुकुमासरशी दूर केली. त्या दिवशी कल्याणीनगरात पहाटे अडीचच्या सुमारास एक भरधाव परदेशी मोटार दुचाकीवर आदळून दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा मद्यप्राशन करून चालवीत होता, असा आरोप आहे. मंडळाने त्याच दिवशी त्यास जामीन दिला, आणि जामिनाच्या अटींत रस्ते अपघात व त्यांवरील उपाय या विषयावर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. जिवामागे दीडशे शब्द, असा हा हिशेब.

या रसिकतेपुढे मोटार वाहन कायद्याचे कलम 185 अगदीच रुक्ष वाटते. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला, की पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपये दंड, अथवा दोन्ही! नाकाबंदीत सापडलेला, स्कूटरवरून घरी निघालेला कारकून यंत्राच्या नळीत मुकाट्याने फुंकतो, पडद्यावरचा आकडा खालमानेने पाहतो आणि पुढे कोर्टात दंड भरून येतो. ‘साहेब, त्याऐवजी निबंध लिहून देऊ का?’ असे विचारण्याची त्या बापड्याची छाती होत नाही.

शिवाय मिलिग्रॅमपर्यंत काटेकोर असलेल्या या कायद्याने तपासावयाचे रक्त आरोपीचेच असेल, हे भाबडेपणाने गृहीत धरले आहे; पोलिसांचे म्हणणे खरे मानल्यास सरकारी रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना कचऱ्याच्या टोपलीत गेला आणि तपासणीस दुसऱ्याच कोणाचे, अर्थातच निर्व्यसनी, रक्त रवाना झाले. अख्ख्या प्रकरणात कायद्याचा खरा बडगा दिसला तो एके ठिकाणी: 1,758 रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे त्या कोट्यवधींच्या मोटारीची नोंदणी परिवहन खात्याने महिनोन्महिने अडवून धरली होती. मोटार मात्र अडली नाही.

लोकांनी गहजब केल्यावर मंडळाने तीन दिवसांत मुलाची रवानगी निरीक्षणगृहात केली, जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली आणि जुलैत निबंध यथासांग सादर झाला. मात्र इतक्या मोलाचा मजकूर सरकारी दप्तरात बांधून ठेवणे हा वाङ्मयाचा अपमान होय. कोणा संपादकाने तो मिळवून छापावा, मानधनाचे दोन सारखे भाग करावेत, आणि ते मध्य प्रदेशात, त्या दोघांच्या आईवडिलांच्या पत्त्यांवर, स्वतंत्र मनीऑर्डरींनी पाठवावेत. पोस्टाची हशील वाटल्यास आम्ही भरू.